दोन अंडी, पाऊण वाटी ओट्स

सकाळचे साडेसात. डबे भरून झालेले असतात, मुलांची बस गेलेली असते, आणि ज्या बाईने हे सगळं केलं तिचा स्वतःचा नाश्ता ओट्याशी उभ्याउभ्याच उरकतो. एक कप चहा आणि डब्यातली चार बिस्किटं. शेजारच्या खोलीत आजोबा चहात खारी बुडवून खात असतात, कारण दात साथ देत नाहीत. शिक्षणासाठी दुसऱ्या गावी खोली घेऊन राहणारा मुलगा तर तेवढंही न खाता बाहेर पडतो आणि साडेदहाला कँटीनमध्ये वडापाव खातो. तिघांनाही विचारलं तर उत्तर एकच मिळतं, ‘नाश्ता झाला की!’

या नाश्त्याचा जरा हिशेब मांडून बघू. चहातलं अर्धा कप दूध आणि चार साधी ग्लुकोज बिस्किटं यांतून मिळणारी प्रथिनं जेमतेम चार ग्रॅम. तंतू जवळजवळ नाहीत. साखर मात्र चहातली आणि बिस्किटातली मिळून सहज तीन चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम आणि ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. दिवसाची सुरुवातच चार ग्रॅमने झाली, तर उरलेली भर दोन जेवणांत घालायची असते. पोळी, भाजी, पातळ आमटी आणि भात अशा जेवणात ती बऱ्याचदा पडत नाही. त्याचा परिणाम एका दिवसात दिसत नाही. अकरा वाजता पोटात पडणारा खड्डा, संध्याकाळी गळून गेल्यासारखं वाटणं आणि साठीनंतर जिना चढताना मांड्यांतलं बळ कमी झाल्याचं जाणवणं, यामागे इतर कारणं असू शकतात. पण वर्षानुवर्षं कमी पडलेली प्रथिनं हे त्यातलं एक कारण नक्कीच असतं.

यात पोहे-उपम्याशी भांडण नाही. शेंगदाणे घातलेले, वर लिंबू पिळलेले पोहे हा चांगला नाश्ता आहे. प्रश्न आहे तो रोज सकाळी फक्त पिष्टमय पदार्थच पोटात जाण्याचा, आणि वेळ नाही म्हणून बिस्किटांवर भागवण्याचा. त्यावरचा एक स्वस्त आणि झटपट उपाय बहुतेक दुकानांत मिळतो. दोन अंडी आणि पाऊण वाटी, म्हणजे साधारण ४० ग्रॅम, साधे ओट्स. यांतून सुमारे १७ ग्रॅम प्रथिनं आणि चार ग्रॅम तंतू मिळतात. बाईच्या दिवसभराच्या प्रथिनांचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग सकाळीच पोटात गेलेला असतो.

अंडं नेमकं काय देतं?

मध्यम आकाराच्या एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं आणि सत्तर-पंचाहत्तर उष्मांक असतात. शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्लं या प्रथिनांत योग्य प्रमाणात असतात आणि ती पचतातही चांगली. अट एकच, अंडं शिजलेलं हवं. कच्चं अंडं दुधात फेटून पिणं म्हणजे ताकद, हा तालमीतला जुना समज आहे. प्रत्यक्षात शिजवलेल्या अंड्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रथिनं पचतात, तर कच्च्यातली जेमतेम निम्मी. शिवाय कच्च्या पांढऱ्या बलकातलं अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला पकडून ठेवतं आणि साल्मोनेला जंतूंचा धोका असतो तो वेगळाच.

दुसरा समज पिवळ्या बलकाबद्दलचा. कोलेस्टेरॉलच्या भीतीने अनेक घरांत तो काढून टाकला जातो. पण अंड्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं त्यातच असतात. ब-१२, ड आणि अ ही जीवनसत्त्वं आणि मेंदूसाठी आवश्यक असलेलं कोलिनही मुख्यतः पिवळ्यातच. एका अंड्यात दोनशे मिलिग्रॅमच्या आत-बाहेर कोलेस्टेरॉल असतं हे खरं. पण रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतःच तयार करतं आणि बहुतेकांच्या बाबतीत त्यावर जास्त परिणाम होतो तो आहारातल्या संपृक्त चरबीचा, म्हणजे वनस्पती तूप, लोणी, खारी, फरसाण यांचा. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून रोज ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा २०१५ साली वगळण्यात आली, ती याच कारणाने. अर्थात ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकार आहे, किंवा ज्यांचं कोलेस्टेरॉल आधीच वाढलेलं आहे, त्यांनी रोज किती अंडी खायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. अशांना एक पूर्ण अंडं आणि एकाचा फक्त पांढरा बलक, असा मधला मार्गही काढता येतो.

अंड्यात काय नाही, हेही पाहू. तंतू अजिबात नाहीत आणि ‘क’ जीवनसत्त्वही नाही. म्हणून नुसतं ऑम्लेट खाल्लं की नाश्ता अर्धाच होतो.

ओट्स जादू नाहीत, पण उपयोगी आहेत

ओट्स म्हणजे जई. आपल्याकडे उत्तर भारतात ती प्रामुख्याने जनावरांच्या चाऱ्यासाठी पिकवली जाते; माणसांच्या नाश्त्यात ती अलीकडच्या काळात पाकिटांतून आली. तिचं वैशिष्ट्य आहे बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू. ओट्स शिजले की बुळबुळीत, दाट होतात, ते यामुळेच. हाच चिकटपणा पोटात कामाला येतो. अन्न जठरातून सावकाश पुढे सरकतं, साखर रक्तात हळूहळू मिसळते आणि पोट भरल्याची भावना जास्त वेळ टिकते. आतड्यात हा तंतू पित्तरसातल्या आम्लांना धरून शरीराबाहेर नेतो. ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं.

याच आधारावर अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पाकिटांवर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली. पण त्यासाठी दिवसाला तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं, म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम ओट्स. आपल्या पाऊण वाटीतून त्याच्या निम्मंच मिळतं. आणि पुरते तीन ग्रॅम रोज घेतले तरी वाईट कोलेस्टेरॉल कमी होतं ते पाच-सात टक्के. फायदा खरा आहे. पण चालू असलेली गोळी ओट्सच्या भरवशावर बंद करण्याइतका मोठा नाही. दुसरी गोष्ट, हा तंतू ओट्सखेरीज जवातही भरपूर असतो. ज्या घरांत अजून जवाचं सातूचं पीठ होतं, त्यांनी ते सोडून ओट्सच्या मागे लागायचं कारण नाही. ज्वारी आणि नाचणीत हा विशिष्ट तंतू फारसा नसला, तरी दुसरे तंतू आणि खनिजं आहेत. नाचणीतलं कॅल्शियम तर ओट्सपेक्षा कितीतरी जास्त. मग ओट्स कशाला? कारण ते दळावे लागत नाहीत, पाच मिनिटांत शिजतात आणि अंड्याशी त्यांचं छान जमतं. ओट्सच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते अंड्यात भरपूर असतं. अंड्यात नसलेले तंतू ओट्स देतात.

दुकानात काय घ्यायचं?

ओट्स घेताना पाकिटाच्या पुढच्या चित्रापेक्षा मागचा तक्ता वाचा. घटकांत ‘ओट्स’ एवढा एकच शब्द असेल ते पाकीट आपलं. मसाला किंवा फळांच्या चवीच्या छोट्या पाकिटांत मीठ किंवा साखर आधीच मिसळलेली असते आणि किलोमागे भाव बहुतेकदा दुपटीच्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचाभर हवं. त्यातला मोठा वाटा एका पाकिटात घालवायला नको. मसाला आपल्या डब्यात आहेच. मोठ्या, जाड पाकळ्यांचे ओट्स मिळाले तर ते घ्या. जितकी पाकळी पातळ आणि बारीक, तितके ते लवकर शिजतात, पण साखरही तितकीच झटकन वाढवतात. मधुमेह्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. ओट्समध्ये इतर धान्यांच्या मानाने स्निग्धांश जास्त असतो, त्यामुळे उघडं पाकीट ओलसर हवेत खवट होतं. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि कडवट वास आला तर टाकून द्या.

अंड्याच्या कवचाचा पांढरा किंवा तपकिरी रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पोषणात त्याने फरक पडत नाही. गावरान अंड्याची चव आवडत असेल तर जरूर घ्या. पण केवळ जास्त प्रथिनं मिळतील म्हणून दुप्पट पैसे देऊ नका. अंडं ताजं आहे का, हे पाण्याच्या भांड्यात कळतं. ताजं अंडं तळाशी आडवं बसतं, जुनं उभं राहतं आणि फारच शिळं तरंगतं. कवचातून ओलावा जाऊन आतली हवेची पोकळी वाढते म्हणून असं होतं. तरंगणारं वापरू नका.

खर्चाचं म्हणाल, तर अंडं सात-आठ रुपयांना आणि साधे ओट्स किलोला दोनशेच्या आसपास धरले, तर दोन अंडी, पाऊण वाटी ओट्स, कांदा, कोथिंबीर आणि चमचाभर तेल मिळून माणशी तीस रुपयांच्या आत भागतं. एकाच अंड्यावर केलं तर वीस-बावीस. बाहेरच्या एका प्लेटएवढाच हा खर्च, पण तेल आपल्या हातचं.

सहा सोपे प्रकार

१. ओट्स-अंड्याचं धिरडं. पाऊण वाटी ओट्स मिक्सरमध्ये एकदाच फिरवून भरड करा. अगदी पीठ नको. त्यात दोन अंडी, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची, हळद, मीठ आणि पाव वाटी ताक किंवा पाणी घालून पाच मिनिटं ठेवा. ओट्स भिजून मिश्रण दाटसर होतं. तव्यावर चमचाभर तेल सोडून मध्यम आचेवर, झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजा. एका माणसाची दोन धिरडी होतात. टोमॅटो किंवा लिंबाची फोड सोबत घ्या, ‘क’ जीवनसत्त्वाची उणीव भरून निघते.

२. तिखट लापशी. दात नसलेल्यांसाठी आणि आजारातून उठलेल्यांसाठी ही उत्तम. मोहरी, जिरं, कढीपत्त्याच्या फोडणीवर कांदा आणि किसलेलं गाजर परतून पाऊण वाटी ओट्स घाला, दोन वाट्या पाणी ओता आणि मऊ शिजू द्या. मग एक फेटलेलं अंडं बारीक धारेने सोडत सतत ढवळा आणि दोन मिनिटं चांगली उकळी येऊ द्या. अंड्याचे मऊ तुकडे लापशीत मिसळून जातात, चावावं लागत नाही. आजोबांच्या खारीला हा चांगला पर्याय.

३. भुर्जी, पण भरीची. तीन अंड्यांत दोघांचं पोट भरायचं असेल तर अर्धी वाटी ओट्स कोरडे भाजून त्यावर दोन-तीन चमचे पाणी शिंपडून ठेवा. नेहमीसारखी कांदा-टोमॅटोची भुर्जी करताना अंडी अर्धवट शिजली की हे ओट्स घालून परता. पोळीबरोबर खा. पाव हवाच असेल तर एकच.

४. डब्यासाठी आप्पे. एक वाटी भरड ओट्स, दोन अंडी, अर्धी वाटी दही, किसलेलं गाजर, कांदा, मीठ. दहा मिनिटं मुरू द्या, फार घट्ट वाटलं तर थोडं पाणी घाला. आप्पेपात्रात थेंब-थेंब तेल घालून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. अंड्यामुळे ते आपोआप फुगतात, सोडा लागत नाही. छोट्या सुट्टीत संपणाऱ्या डब्यातच ते द्या. दुपारपर्यंत उन्हात पडून राहणाऱ्या डब्यात अंड्याचे पदार्थ नकोत.

५. केळ्याचं गोड धिरडं. सालीवर ठिपके पडलेलं एक पिकलं केळं कुस्करून त्यात एक अंडं, अर्धी वाटी भरड ओट्स आणि वेलची घाला. मंद आचेवर छोटी छोटी धिरडी करा. साखर-गूळ काहीही लागत नाही. बिस्किटांची सवय असलेल्या मुलांना इथून सुरुवात करता येते.

६. गॅसशिवायचा नाश्ता. खोली घेऊन राहणाऱ्या मुलाने रात्री पाऊण वाटी ओट्स तेवढ्याच दह्यात आणि अर्धी वाटी दुधात भिजवून फ्रीजमध्ये ठेवावेत. सकाळी मीठ, जिरेपूड आणि चिरलेली काकडी घातली की दहीपोह्यांसारखा पदार्थ तयार. सोबत आदल्या रात्री उकडून ठेवलेलं अंडं.

अंडं उकडण्याचं तंत्रही सोपं आहे. गार पाण्यात अंडी ठेवून उकळी आणा, मग मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवून लगेच थंड पाण्यात टाका. जास्त वेळ उकळलं की पिवळ्याभोवती हिरवट कडं दिसतं. पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांच्या संयोगाने ते होतं. अपायकारक नाही, पण चव बिघडते. उकडलेली अंडी न सोलता फ्रीजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस सहज टिकतात.

ज्या दिवशी अंडं नको

आपल्याकडे अनेक घरांत गुरुवार-शनिवार, चतुर्थी किंवा श्रावण पाळला जातो. काही घरांत अंड्याचा तवाही वेगळा असतो, तर काहींकडे अंडं मुळीच चालत नाही. त्यांनी धिरड्यात अंड्याऐवजी भिजवून वाटलेली मूगडाळ घालावी; अर्धी वाटी कोरडी डाळ म्हणजे साधारण ७० ग्रॅम, आणि तिच्यात सतरा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. लापशीत पनीर किंवा मोड आलेली मटकी चालते. डाळीत लायसिन चांगलं असल्याने ओट्सची उणीव तीही भरून काढते. डाळीत नसतं ते ब-१२. त्यासाठी शाकाहारी माणसाने दूध, दही, ताक रोजच्या आहारात ठेवावं आणि थकवा, हातापायांना मुंग्या असा त्रास असेल तर तपासणी करून घ्यावी.

सांभाळायच्या गोष्टी

आजवर तंतू कमी खाल्ले असतील तर पहिल्याच दिवशी पाऊण वाटी ओट्स खाऊ नका. पोट फुगेल, गॅस होईल. पाव वाटीपासून सुरू करा, आठवड्याभरात वाढवा आणि पाणी पुरेसं प्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना प्रथिनांवर मर्यादा असते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंडी वाढवू नयेत. लहान मुलाला अंडं दिल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या तर ती अ‍ॅलर्जी असू शकते; श्वासाला त्रास झाला तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. ज्यांना गव्हातल्या ग्लुटेनचा त्रास आहे, त्यांनी ‘ग्लुटेनमुक्त’ असं स्पष्ट लिहिलेले ओट्सच घ्यावेत आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. जईत गव्हातलं ग्लुटेन नसलं तरी शेतात आणि गिरणीत दोन्ही धान्यांची सरमिसळ होते. आणि अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुणं, ही सवय सगळ्यांनाच हवी.

हाच नाश्ता रोज केला पाहिजे असं मुळीच नाही. आठवड्यातले तीन दिवस अंडी-ओट्स, दोन दिवस शेंगदाणे घातलेले पोहे किंवा भाज्या घातलेला उपमा, एखाद्या दिवशी थालीपीठ-दही, असा फेर ठेवला तर कंटाळा येणार नाही आणि पोषणही सगळीकडून मिळेल. चहा सोडायचीही गरज नाही. बिस्किटांची जागा तेवढी बदलायची आहे.

सुरुवात आज रात्री करता येईल. चार अंडी उकडून फ्रीजमध्ये ठेवा, एका डब्यात ओट्स भरड करून ठेवा. सकाळी मुलांच्या डब्यासाठी तवा तापलेला असतोच, त्यावर आणखी दोन धिरडी घालायला फार वेळ लागत नाही. फक्त ती ताटलीत घेऊन, पाच मिनिटं खाली बसून खायची. घरातल्या सगळ्यांचं खाणं जी बघते, तिने हे आधी स्वतःसाठी करावं.